"प्रेसला किट कसलं लागतंय, दादा?"

नोव्हेंबर 2024. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. दसरा चौकात गाडी काढत होतो, तेवढ्यात ताईंचा फोन आला. "दादा, त्या पुण्याकडच्या महोत्सवाच्या बाईंचा मेसेज आलाय. प्रेस किट पाठवा म्हणत्यात, नऊच्या आत. आता प्रेसला किट कसलं लागतंय? क्रिकेटचं असतंय तसलं काय?"

प्रेस किट म्हणजे पेपरवाल्यांना आणि आयोजकांना द्यायचा कलाकाराचा परिचय, फोटो, कात्रणं असा एकत्र गठ्ठा. हे न सांगताच मी हसलो, आणि "जे हाय ते पाठवून द्या, बघतील त्यांचं ते" असं सांगून घरी जेवायला गेलो. पुढं जे झालं त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे आधीच कबूल करून टाकतो.

ताई शाहीर आहेत. कोल्हापुरात हा शब्द नीट वापरला जातो. पोवाडा गाणारा तो शाहीर आणि पोवाडा गाणारी तीही शाहीर. डफ त्या स्वतः वाजवतात. पथक सहा जणांचं: त्या, तीन झीलकरी (मागून साथीला सूर धरणाऱ्या) मुली, एक ढोलकीवाले आणि एक पेटीवाले. तुणतुणं आणि झांज झीलकरींकडंच. त्यांचं नाव इथं देत नाही. नाव नीट छापून यावं म्हणून जिनं एवढी खटपट केली, तिचंच नाव झाकायचं म्हणजे गंमतच आहे. पण त्याच म्हणाल्या, "झालेली फजिती माझ्या नावानं नको. चांगलं काय असलं तर लिवा."

त्या रात्री काय काय गेलं, ते नंतर त्यांच्याच मोबाईलवर पाहिलं. व्हॉट्सॲपवर चौदा फोटो. त्यातले तीन फेसबुकवरून काढलेले स्क्रीनशॉट, वरती बॅटरीची खूण आणि वेळ तशीच. दोन कात्रणांचे फोटो, कडेला धरणाऱ्याचा अंगठा. परिचयाची एक फाईल, डीटीपीवाल्यानं पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली. आणि शेवटी ताईंचा स्वतःचा दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज. त्यात माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, वडिलांचं नाव, गुरूंचं नाव आणि "बाकी तुम्हाला माहितीच हाय" एवढं सगळं एका दमात.

महोत्सवाची पुस्तिका दहा दिवसांनी हातात आली. नावाच्या मधोमध वडिलांचं नाव, शेवटी माहेरचं आडनाव. स्टेजमागच्या फ्लेक्सवर सासरचं. त्या शहरातल्या एका दैनिकात बातमी आली, तिच्यात तिसरंच. फोटो पथकाचा होता, पण चौकटीत बसवायला तो कापला गेला आणि मधोमध आली ती डाव्या बाजूची झीलकरी. खाली ओळ ताईंच्या नावाची. हे सगळं त्यांनी हसून सोडूनही दिलं असतं. पण पुस्तिकेत नावाखाली छापलं होतं: "सुप्रसिद्ध लावणी कलावंत".

"लावणीला मी कमी लेखत नाही दादा," त्या म्हणाल्या. "पण मी ती करत नाही. ज्या बायका करत्यात त्यांनी आयुष्य घातलंय त्यात. त्यांचं बिरुद माझ्या डोक्यावर कशाला?"

प्रत्यक्ष कार्यक्रमात आणखी एक भर पडली. आयोजकांनी एका गायिकेचा कार्यक्रम धरला होता, वेळ वीस मिनिटं. माणसं आली सहा, माईक दोन. चाळीस मिनिटांचा पोवाडा अर्ध्यावर कापावा लागला. झीलकरी एका माईकपुढं डोकी लावून "जी जी रं जी" म्हणत होत्या आणि ढोलकी मागच्या रांगेपर्यंत पोचलीच नाही.

दोष शोधायला गेलो तर कुणी एक सापडेना. आयोजक बाईंशी मी नंतर बोललो. त्या रात्री त्यांच्याकडं बावीस कलावंतांची माहिती येत होती आणि ती लावायला एक कॉलेजची मुलगी बसवलेली. तिच्या संगणकावर ताईंचा परिचय उघडला तो असा: रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, मध्येच उद्गारचिन्हं. श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या मजकुराचं हेच होतं. तिथं 'क' हा मुळात 'क' नसतोच. रोमन अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर चित्र गळून पडतं आणि खालचं रोमन अक्षर उघडं पडतं. आपल्याकडं वर्षानुवर्षं पत्रिका, अहवाल, स्मरणिका याच फॉन्टमध्ये झाल्या, त्यामुळं निम्म्या कलाकारांचे परिचय आजही अशाच फायलींत अडकलेले आहेत. त्या मुलीनं फोटोत नऊवारी पाहिली, ढोलकी पाहिली आणि अंदाज बांधला.

मी हे एवढ्या समजुतीनं लिहितोय, कारण मी स्वतः बारा वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. रात्री साडेआठला पान लावायला बसलं की बाहेरच्याला वाटतं, इथं बातम्यांवर विचार चालतो. चालतो तो जागेचा हिशेब. ग्रामीण आवृत्ती आधी सोडायची, शहराची नंतर. मध्ये जाहिरात येते आणि आठ ओळी उडतात. अशा वेळी सांस्कृतिक कार्यक्रमाची बातमी हातात आली की उपसंपादक तीन गोष्टी बघतो: नाव कळतंय का, फोटो छापण्याजोगा आहे का, आणि चार ओळींत मावेल असा मजकूर आयता आहे का. तिन्ही असलं तर बातमी लागते. नसलं तर बातमी उद्यावर जाते, म्हणजे जातेच. किंवा उपसंपादक अंदाजानं भरतो. मीही भरलंय. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोत प्रमुख पाहुण्यांऐवजी मंडपवाल्याच्या चेहऱ्याखाली पाहुण्यांचं नाव टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी मंडपवाला पेढे घेऊन आला, पाहुणे आले नाहीत.

म्हणून डिसेंबरात ताईंकडं गेलो तेव्हा पहिलं वाक्य हेच बोललो, की तुमचं किट तुमच्या कौतुकासाठी नाही. तुम्हाला कधीच न भेटलेल्या, घाईत असलेल्या माणसाच्या हातात ते पडणार आहे. त्यानं अंदाज करायची वेळ येऊ नये, एवढंच त्याचं काम.

ताईंचं घर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडं. "कात्रणांची फाईल काढा" म्हटलं तर त्यांनी प्लॅस्टिकची एक पिशवी आणली. आत एक अल्बम, पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरून निळसर झालेली. ऑगस्ट 2019 च्या पुरात पाणी घरात शिरलं. डफ आणि पेटी माळ्यावर चढवली, कात्रणं कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिली. 2021 ला पुन्हा पाणी आलं तेव्हा वाचवायला त्यात काही उरलंच नव्हतं. पंधराएक वर्षांचं काम, आणि पुराव्याला चिकटलेला एक लगदा.

तरी शोधायला लागलो. ढोलकीवाल्या काकांकडं सात कात्रणं निघाली, घडी घालून देवघरातल्या पोथीत ठेवलेली. एका तालमीच्या मंडळाकडं 2011 ची स्मरणिका मिळाली. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट सापडली एका हौशी फोटोग्राफरच्या जुन्या हार्ड डिस्कवर: केशवराव भोसले नाट्यगृहाच्या रंगमंचावर डफ उंचावलेल्या ताई, मूळ आकाराची फाईल. शाहू महाराजांनी बांधलेलं, पूर्वीचं पॅलेस थिएटर ते हेच. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. त्या जुन्या रंगमंचावरचा फोटो आता कुणाला काढता येणार नाही. ताई बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसल्या, मग म्हणाल्या, "मागचा पडदा बघा की. ह्योच पडदा."

परिचय लिहायला घेतला तेव्हा खरी भांडणं झाली. जुना परिचय दीड पानी. सुरुवात: "बालपणापासूनच गायनाची नैसर्गिक आवड असलेल्या व आपल्या पहाडी आवाजाने रसिकांच्या हृदयावर अधिराज्य गाजवणाऱ्या..." खाली एकतीस पुरस्कारांची यादी. मी विचारलं, "ताई, हे पहिलं वाक्य कोल्हापुरातल्या दुसऱ्या कुठल्या कलाकाराला लागू पडणार नाही, सांगा." त्या म्हणाल्या, "सगळ्यांनाच पडतंय. डीटीपीवाला सगळ्यांना तेच टाकतोय."

मग मी विचारत गेलो आणि लिहून घेत गेलो. पहिला डफ कुणी आणला? वडिलांनी. ते साखर कारखान्यात फिटर होते, बोनसच्या पैशातून आणला. पहिला जाहीर पोवाडा कधी? 2006, गल्लीतल्या शिवजयंतीला. स्वतः रचलेला कुठला? राजर्षी शाहूंच्या 1902 च्या जाहीरनाम्यावरचा, करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवणारा तो. हे सगळं दीड पानात कुठंच नव्हतं. तिथं फक्त हृदयावरचं अधिराज्य होतं.

पुरस्कार एकतीसवरून तीनवर आणताना त्या रुसल्या. ज्यांनी दिले त्यांना काय वाटेल, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. एकतीसची यादी वेगळ्या पानावर ठेवली, मागितली तरच द्यायची. गुरूंच्या बाबतीत मात्र मी हरलो. पन्नास शब्दांच्या परिचयात गुरूंचं नाव घालायला जागा नाही, असं माझं मत. ताई म्हणाल्या, "नमन केल्याबिगर पोवाडा सुरू हुतोय का? मग परिचय कसा हुईल?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं ते असं:

"कोल्हापूरच्या शाहीर (नाव) या (गुरूंचं नाव) यांच्या शिष्या. 2006 पासून पोवाडे गातात, डफ स्वतः वाजवतात. सहा जणांच्या पथकात तिन्ही झीलकरी मुली आहेत. राजर्षी शाहूंच्या 1902 च्या आरक्षण जाहीरनाम्यावरचा त्यांचा पोवाडा 40 मिनिटांचा आहे. वडील साखर कारखान्यात फिटर होते. पहिला डफ त्यांनी बोनसमधून आणला."

शेवटच्या वाक्यावर मी अडून बसलो होतो. बातमीदाराला मथळा त्यातूनच मिळतो. याच मजकुराची दीडशे शब्दांची आणि चारशे शब्दांची आवृत्ती केली, सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसेल अशा टायपात. साध्या वर्ड फाईलमध्ये, कारण पीडीएफमधून मराठी उचलताना काने-मात्रे विस्कटतात. नावाची एकच रीत ठरवली आणि ती मराठी, इंग्रजी दोन्ही लिपींत सर्वांत वर लिहिली. इंग्रजी स्पेलिंग काय असावं यावर ताई आणि त्यांच्या लेकीत अर्धा तास गेला. 'ई'साठी एक अक्षर की दोन! आधार कार्डावर एक, बँकेत दुसरं. बँकेतलं घेतलं, कारण मानधनाचा धनादेश त्या नावानं निघतो.

फोटोचा भाग सोपा वाटला होता. लग्नाचे फोटो काढणारा ओळखीचा मुलगा, सकाळी पंचगंगा घाटावर, चार हजार रुपयांत. पहिल्या खेपेला त्यानं जे दिलं ते बघून ताईंनी विचारलं, "ह्यी कोण?" चेहरा दुधासारखा गोरा, गालावरची रेष गायब, मागचा घाट धूसर. नवरीचं सगळं तंत्र त्यानं शाहिरावर चालवलं होतं. परत बसवला, मूळ फायली मागितल्या. चार फोटो निवडले: एक उभा, चेहऱ्याचा, एक आडवा, एका बाजूला मोकळी जागा असलेला, म्हणजे मथळा किंवा तारीख टाकता येते, एक अख्ख्या पथकाचा, आणि एक केशवरावमधला. पथकाच्या फोटोखाली "डावीकडून" म्हणून सहाही नावं क्रमानं.

आकाराचा हिशेब ताईंना पट्टी घेऊन दाखवला. 720 पिक्सेल रुंदीचा स्क्रीनशॉट छपाईच्या 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, छापला तर कागदावर जेमतेम 6 सेंटीमीटर होतो. पुस्तिकेच्या ए-फोर पानभर फोटो हवा असेल तर 2480 गुणिले 3508 पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आक्रसतो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. "येवढंच?" त्या म्हणाल्या. येवढंच, पण त्यापायी अर्ध्या महाराष्ट्राचे कलाकार पेपरात पुसट दिसतात.

छायाचित्रकाराचं नाव प्रत्येक फाईलच्या नावातच घातलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. न मागता, न पैसे घेता काढलेला फोटो मात्र काढणाऱ्याचा. म्हणजे घाटावरचे ताईंचे, केशवरावमधला त्या हौशी माणसाचा. त्याच्याकडून दोन ओळींची लेखी परवानगी घेतली. त्याला एवढंच हवं होतं की नाव यावं.

मंचाच्या गरजांचं एक पान वेगळं केलं आणि माझ्या मते सगळ्या किटमध्ये तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. माणसं सहा. मंच किमान 16 बाय 12 फूट. माईक सात: शाहिरांना एक, डफाला एक, झीलकरींना दोन, ढोलकीच्या दोन्ही तोंडांना दोन, पेटीला एक. कार्यक्रमाचे दोन प्रकार, 20 मिनिटांचा आणि 40 मिनिटांचा. कपडे बदलायला दार लागणारी खोली. शेवटची ओळ ताईंनी सांगितली, आणि ती लिहावी लागते याचंच मला वाईट वाटलं.

कात्रणं स्कॅन केली, दैनिकाचं नाव आणि तारीख लिहून. दोन मिनिटांचा व्हिडिओ जोडला, मोबाईल आडवा धरून घेतलेला. सगळं एका फोल्डरमध्ये, आणि फोल्डरची लिंक ज्याच्याकडं असेल त्याला उघडेल अशी. हे शेवटचं आम्ही विसरलो होतो. पहिल्याच आयोजकाला रात्री दहा वाजता "परवानगी मागा" असं दिसलं आणि ताई तेव्हा गडहिंग्लजकडं कार्यक्रमात, मोबाईल बंद.

आणखी एक चूक माझीच. संपर्कासाठी मी त्यांचा घरचा नंबर टाकला. एका दैनिकानं तो बातमीखाली छापला. चार दिवस रात्री-अपरात्री फोन. नंतर दुसरं सिम घेतलं, ते लेक उचलते, आणि किटमध्ये आता तेच आहे. घराचा पत्ता काढून फक्त "कोल्हापूर" ठेवलं.

कोल्हापुरात ही कल्पना परकी वाटायचं काही कारण नाही, हे मला मागाहून सुचलं. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बाबूराव पेंटरांनी 1921-22 च्या सुमारासच आपल्या चित्रपटांची माहिती आणि छायाचित्रं असलेल्या पुस्तिका काढल्या होत्या, पोस्टरं तर ते स्वतः रंगवायचे. आपलं काम काय आहे हे आपणच आधी नीट सांगावं, ही अक्कल या गावात शंभर वर्षांपूर्वी होती. मधल्या काळात ती डीटीपीवाल्याकडं सोपवली गेली.

आणि हे फक्त कलाकारांचं नाही. माझ्या ओळखीच्या एक आहारतज्ज्ञ आहेत, पेपरवाले त्यांना उन्हाळा आला की फोन करतात. फोटो नसल्यानं दैनिकानं फेसबुकवरून घेतला. गोव्याचा, गॉगलसकट, आणि खाली "मधुमेहींनी आंबा किती खावा?" आता त्यांच्याकडंही एक पानी परिचय, पदव्यांची बरोबर रूपं आणि गॉगल नसलेला फोटो आहे.

निकाल काय, तर 26 जून 2025 ला, शाहू जयंतीला, ताईंचे दोन कार्यक्रम झाले. दोन्हीकडं सात माईक होते. तीन दैनिकांत बातमी आली. दोघांनी पन्नास शब्द जसेच्या तसे उचलले, त्यांतल्या एकानं फिटरच्या डफाचा मथळा केला. तिसऱ्यानं "लोकगायिका" लिहिलं. मी फोन करणार होतो, ताई म्हणाल्या, "असू दे. लावणीवरून लोकगायिकेपातुर आलो, पुढल्या वर्षी शाहीर हुईल."

मी गृहीत धरला नव्हता असा एक फायदा झाला. ढोलकीवाले काका साठीच्या पुढं आहेत. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधन योजनेसाठी त्यांना कलेतल्या कामाचे पुरावे जोडायचे होते. पोथीतली ती सात कात्रणं, आता तारखेसकट स्कॅन केलेली, आणि स्मरणिकेचं पान, एवढं लेकीनं एका दुपारी छापून दिलं.

परवा ताईंचा फोन आला. एका झीलकरीचं लग्न ठरलंय, मुलगी इचलकरंजीला जाणार. तिच्या जागी बारावीतली एक पोरगी घेतलीय, आवाज चांगला आहे पण झांज अजून मागं पडते. म्हणजे पथकाचा फोटो बदलायचा, "डावीकडून"ची नावं बदलायची, किटवरची तारीख बदलायची. रविवारी सकाळी सातला घाटावर ठरलंय. फोटोग्राफरला ताईंनी आधीच सांगून ठेवलंय, "ह्या वेळी गोरं करशील तर पैसं देणार न्हाई."